लॅक्रॉसचे मानकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली. आपल्याकडे त्या दिवशी बातमी एकच होती, क्रिकेट आलं! त्याच ठरावात स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रॉसही होतं, याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. खेळाचे नियम शिकवणारी पानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत. इथे वेगळे प्रश्न घेतले आहेत: या खेळाने आपल्या मोठ्या माणसांचा मान कसा ठेवला, कुणाला आधी बोलावलं, कुणाला दाराबाहेर उभं केलं.

लॅक्रॉस म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगाल का?

टोकाला जाळीचा खिसा असलेली काठी हातात असते. कडक रबरी चेंडू जाळीत झेलायचा, जाळीतच सांभाळत पळायचं, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि संधी मिळाली की गोलात मारायचा. पुरुषांच्या मैदानी प्रकारात एका बाजूला दहा जण असतात. कॅनडात आइस हॉकीच्या रिंकमध्ये, बर्फ नसताना, जो ‘बॉक्स’ प्रकार खेळतात तो सहा जणांचा. ऑलिंपिकमध्ये येणारा ‘सिक्सेस’ही सहाच जणांचा.

खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी राष्ट्रांचा. त्यांतही होदिनोशोनी लोकांचं नाव लॅक्रॉसशी सर्वांत घट्ट जोडलेलं आहे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. गोरे लोक त्यांना इरोक्वॉय म्हणत आले. त्यांच्यासाठी हा सृष्टिकर्त्याने दिलेला खेळ आहे. गावात कुणी आजारी पडलं तर त्याला बरं वाटावं म्हणूनही सामना मांडतात. पुढच्या सगळ्या उत्तरांत हे लोक पुन्हा पुन्हा येतील, कारण लॅक्रॉसमधल्या सन्मानांची गोष्ट त्यांना वगळून सांगितली की ती खोटी होते.

लॅक्रॉसचा हॉल ऑफ फेम कुठे आहे?

हॉल ऑफ फेम म्हणजे खेळातल्या मोठ्या माणसांची नावं कायमची लावणारं सन्मान-दालन. ते एक नाही, अनेक आहेत. अमेरिकेचा राष्ट्रीय हॉल १९५७ साली सुरू झाला. बरीच वर्षं तो बाल्टिमोरमध्ये होता. आता तो मेरीलँडमधल्याच स्पार्क्स गावी यूएसए लॅक्रॉस या राष्ट्रीय संघटनेच्या मुख्यालयात आहे. बाल्टिमोरच का, असं विचारलं तर तिथल्या शाळा बघाव्यात. त्या भागात लॅक्रॉस पिढ्यान्‌पिढ्या रुजलेलं आहे, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ म्हणजे शहराचा अभिमान.

कॅनडाचा हॉल पार दुसऱ्या टोकाला, पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या न्यू वेस्टमिन्स्टरला आहे. तिथे पहिली नावं १९६५ मध्ये लागली. हे गाव सामन-बेलीज नावाच्या संघाचं. नदीत सामन मासा, गावात त्याचे कारखाने, म्हणून संघाचं नाव तसं. आधी प्रतिस्पर्ध्यांनी चिडवायला ठेवलेलं, असं सांगतात. संघाने ते मिरवलं.

याशिवाय नॅशनल लॅक्रॉस लीग या व्यावसायिक बॉक्स लीगचा स्वतःचा हॉल २००६ पासून आहे. ओंटारिओ प्रांताचा वेगळा आहे. अमेरिकेत तर प्रादेशिक शाखांचेही आपापले हॉल आहेत. त्यामुळे कुणी ‘हॉल ऑफ फेमर’ आहे असं ऐकलं, तर कोणत्या हॉलचा, हे विचारून घ्यावं.

खेळाडू, प्रशिक्षक आणि बाकीचे, सगळ्यांना एकाच यादीत घेतात का?

यादी एक, विभाग वेगळे. अमेरिकेच्या हॉलमध्ये खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि खेळासाठी झटलेली इतर माणसं अशा नात्याने प्रवेश मिळतो. कॅनडात बॉक्स खेळाडू, मैदानी खेळाडू, जुन्या पिढीतले खेळाडू, ‘बिल्डर’ म्हणजे खेळ उभा करणारे, आणि अख्खे संघ असे विभाग आहेत. आपल्याकडे खेळाडूला अर्जुन, गुरूला द्रोणाचार्य अशी पुरस्कारांचीच वाटणी असते. तिकडे गोल करणारा, शिकवणारा आणि शिट्टी वाजवणारा एकाच भिंतीवर.

निवड कशी होते?

नाव सुचवलं जातं, समिती छाननी करते, मग मतदान. खेळाडू निवृत्त होऊन काही काळ गेलेला असावा लागतो. चालू हंगामातल्या लोकप्रियतेवर हॉलचं दार उघडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. अमेरिकेचा सोहळा साधारण शरद ऋतूत होतो.

खेळाडू किंवा कोच नसलेला माणूस आत कसा जातो?

मला विचाराल तर हॉलचा सगळ्यात वाचनीय भाग हाच. गोल करणाऱ्यांच्या नावापुढे आकडे असतात आणि आकडे लवकर विसरतात. खेळ ज्यांच्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात गेला, त्यांची गोष्ट निराळी.

रोझाबेल सिंक्लेअर यांचं उदाहरण घ्या. मुलींचं लॅक्रॉस १८९० मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजच्या सेंट लिओनर्ड्स शाळेत सुरू झालं. तिथल्या पहिल्या मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी हा खेळ उत्तर अमेरिकेत पाहिला होता आणि त्यांना तो मुलींसाठी योग्य वाटला. त्याच शाळेत शिकलेल्या सिंक्लेअर पुढे बाल्टिमोरला गेल्या आणि १९२६ मध्ये ब्रिन मॉर शाळेत त्यांनी मुलींचा संघ उभा केला. अमेरिकेतल्या महिला लॅक्रॉसचा पाया तो. एका शाळेतली शिक्षिका, हातात काठ्या, पुढ्यात मुली, आणि शहरात हा खेळ पुरुषांचाच मानला जाण्याचा तो काळ.

दुसरं उदाहरण मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स. त्यांनी १८६० च्या दशकात खेळाचे नियम लिहून काढले, मैदानाची मापं आणि खेळाडूंची संख्या ठरवली, कातडी चेंडूच्या जागी रबरी चेंडू आणला. १८७६ मध्ये ते दोन संघ घेऊन ब्रिटनला गेले, एक गोऱ्यांचा आणि एक मोहॉक खेळाडूंचा. विंडसरला खुद्द व्हिक्टोरिया राणीने सामना पाहिला. आधुनिक लॅक्रॉसचे जनक म्हणून बिअर्सना मान मिळतो. जनक हा शब्द मला खटकतो. शेकडो वर्षं खेळल्या जाणाऱ्या खेळाची त्यांनी नियमपुस्तिका केली. काम मोठं आहे, पण जन्म देण्याचं नाही.

तिसरे ओरेन लायन्स. ओनोंडागा राष्ट्राचे धर्मरक्षक, चित्रकार, आदिवासी हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांत बोललेले वक्ते, आणि सिराक्युस विद्यापीठाचे गोलरक्षक. अमेरिकेच्या राष्ट्रीय हॉलमध्ये त्यांचं नाव १९९० च्या दशकात लागलं. त्यांचं मोठं काम मात्र गोलाबाहेरचं आहे. त्याबद्दल खाली.

कॅनडात लॅक्रॉसचा ‘मिंटो कप’ आहे. हा आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला मिंटो का?

हो, तोच! चौथा अर्ल ऑफ मिंटो १८९८ ते १९०४ कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. १९०१ मध्ये त्याने लॅक्रॉसच्या राष्ट्रीय विजेत्यासाठी चांदीचा करंडक दिला. कॅनडातली कारकीर्द संपल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०५ मध्ये, तो व्हाइसरॉय होऊन भारतात आला. मोर्ले-मिंटो सुधारणा त्याच्याच. १९०८ साली न्यू वेस्टमिन्स्टरच्या सामन-बेलीज संघाने पूर्वेकडच्या बलाढ्य संघाकडून मिंटो कप हिसकावून पश्चिमेला नेला. त्याच वर्षी, त्याच मिंटोच्या राजवटीत लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी मंडालेला झाली. शाळेत या माणसाचं नाव घोकलेल्या कुणालाही तो खेळाच्या करंडकावर भेटल्यावर जरा विचित्र वाटेल.

करंडकाचं पुढे काय झालं, तेही गमतीशीर आहे. हौशी खेळाडूंसाठी दिलेला मिंटो कप लवकरच पैसे देऊन खेळाडू आणणाऱ्या संघांच्या हाती गेला. मग रेल्वे बांधणारे डोनल्ड मान यांनी १९१० मध्ये हौशी संघांसाठी अस्सल सोन्याचा मान कप दिला. आज मान कप वरिष्ठ बॉक्स लॅक्रॉसचा आणि मिंटो कप १९३७ पासून ज्युनियर संघांचा. मान कपच्या अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूला माइक केली स्मृती करंडक मिळतो. कॅनडातल्या खेळाडूच्या नावापुढे हा करंडक दिसला, तर माणूस खरा कसलेला, असं खुशाल समजावं.

दोन खेळांच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव असलेलं कुणी आहे का?

आहेत, आणि त्यांतलं पहिलं नाव जिम ब्राउन. अमेरिकन फुटबॉलमधला हा दंतकथा झालेला खेळाडू. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉलमध्ये १९७१ मध्ये, महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉलमध्ये १९९५ मध्ये, आणि मधे १९८० च्या दशकात लॅक्रॉसच्या. १९५७ च्या हंगामात सिराक्युसकडून त्याने १० सामन्यांत ४३ गोल केले. संघ एकही सामना हरला नाही. त्या संघाच्या गोलात ओरेन लायन्स उभे होते आणि कोच होते रॉय सिमन्स सीनियर, जे विद्यापीठाच्या मुष्टियोद्ध्यांनाही शिकवत. एक काळा खेळाडू, एक ओनोंडागा गोलरक्षक, साल १९५७. अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं ते आठवून पाहिलं, की हा संघ केवढा वेगळा होता ते कळतं.

कॅनडात ‘न्यूजी’ लालोंद हे नाव आइस हॉकीवाल्यांना माहीत असतं. १९५० मध्ये त्यांची निवड अर्धशतकातला सर्वोत्तम लॅक्रॉसपटू म्हणून झाली, आणि त्याच वर्षी ते हॉकीच्या हॉलमध्येही गेले. टोपणनावाचं कारण असं की तरुणपणी ते वर्तमानपत्राच्या कामात होते. लायनेल कोनाकर तर हॉकी, कॅनेडियन फुटबॉल आणि लॅक्रॉस अशा तिन्ही हॉलमध्ये आहेत.

टेवाराटन पुरस्कार हॉल ऑफ फेमपेक्षा वेगळा कसा?

हॉल कारकिर्दीचा, टेवाराटन एका हंगामाचा. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन लॅक्रॉसमधला वर्षाचा सर्वोत्तम पुरुष आणि सर्वोत्तम महिला खेळाडू यांना तो २००१ पासून मिळतो. २०२० मध्ये कोविडने हंगामच बुडवला, म्हणून तेवढा दिला गेला नाही. दोन्ही गटांत पाच-पाच अंतिम दावेदार निवडतात. सोहळा वॉशिंग्टनमध्ये होतो. पुरस्काराचं नाव मोहॉक भाषेतलं आहे आणि कांस्य मूर्तीही मोहॉक खेळाडूची. मोहॉक राष्ट्राच्या वडीलधाऱ्यांच्या परिषदेची संमती घेऊनच हे केलं गेलं. दुसऱ्यांच्या परंपरेतून नाव उचलताना इतकी चाड फार थोड्या पुरस्कारांनी राखली आहे.

पहिल्या वर्षी पुरुषांत हॉफ्स्ट्रा विद्यापीठाचा डग शॅनहन आणि महिलांत मेरीलँड विद्यापीठाची जेन अॅडम्स मानकरी ठरली. ही अॅडम्स अमेरिकन नव्हे, ऑस्ट्रेलियन. पुढे मेरीलँडच्याच टेलर कमिंग्जने २०१४, २०१५ आणि २०१६ असा तीनदा पुरस्कार मिळवला.

पण २०१४ चं वर्ष लक्षात राहिलं ते थॉम्पसन बंधूंमुळे. ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळणारे लाइल आणि माइल्स हे सख्खे भाऊ ओनोंडागा वस्तीतले. एका हंगामातल्या सर्वाधिक गुणांचा ११४ चा जुना विक्रम दोघांनीही मोडला: लाइल १२८, माइल्स ११९. गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून हे गुण मोजतात. पुरस्कार दोघांना विभागून दिला गेला. मूर्ती मोहॉक खेळाडूची, नाव मोहॉक, आणि एखाद्या आदिवासी खेळाडूच्या हाती ती जायला चौदावं वर्ष उजाडावं लागलं. लाइलने दुसऱ्या वर्षी पुन्हा जिंकली. पुरुषांत दोनदा मिळवणारा तो पहिला.

२००१ च्या आधी खेळून गेलेल्यांसाठी २०११ पासून ‘टेवाराटन लेजेंड’ हा वेगळा सन्मान आहे. पहिला कुणाला, हे ओळखायला अवघड नाही. जिम ब्राउनला.

महाविद्यालयीन पुरस्कारांना लेफ्टनंट, एन्साइन अशी लष्करी नावं का आहेत?

कारण ती युद्धात गेलेल्या खेळाडूंची नावं आहेत. वेस्ट पॉइंटची लष्करी आणि अॅनापोलिसची नौदल अकादमी, दोन्हीकडे लॅक्रॉस मुरलेलं. पुरुष गटातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार लेफ्टनंट रेमंड एनर्स यांच्या नावाचा. वेस्ट पॉइंटचा हा खेळाडू १९६८ मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार एन्साइन मार्कलंड केली यांच्या नावाचा. मेरीलँडचा हा गोलरक्षक १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत लढाऊ विमानासह गेला.

आघाडीच्या खेळाडूचा जॅक टर्नबुल पुरस्कार आपल्याला जवळचा वाटावा. टर्नबुल जॉन्स हॉपकिन्सचा लॅक्रॉसपटू, पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला तो गेला अमेरिकेच्या हॉकी संघातून. त्या गटात भारतही होता. ध्यानचंदांच्या भारताने अमेरिकेला ७-० असं हरवलं. टर्नबुल १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, युरोपात विमान दुर्घटनेत गेला.

स्त्रियांना हॉल ऑफ फेममध्ये कधी घेतलं?

१९९२ मध्ये. पहिलं नाव रोझाबेल सिंक्लेअर यांचंच. म्हणजे हॉल सुरू झाल्यानंतर ३५ वर्षांनी आणि ब्रिन मॉरमध्ये त्यांनी संघ काढल्यानंतर ६६ वर्षांनी. त्या तेव्हा हयात नव्हत्या.

प्रशिक्षकांमध्ये कोणाकोणाची नावं माहीत असायला हवीत?

पुरुषांत बिल टियर्नी. प्रिन्स्टनला सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, मग सगळं सोडून कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला गेले. पूर्व किनाऱ्याबाहेर या खेळात कुणी विजेता होत नसे. २०१५ मध्ये त्यांनी डेन्व्हरला तेही मिळवून दिलं. मला हे सातवं विजेतेपद आधीच्या सहांपेक्षा मोठं वाटतं.

महिलांमध्ये मात्र सरळ एक घराणंच आहे. मूळ गुरू सिंडी टिमचल. त्यांच्या मेरीलँड संघाने १९९५ ते २००१ सलग सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. त्यांच्या हाताखाली खेळलेली केली अॅमोंटी हिलर शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात गेली. तिथे संघ जवळजवळ शून्यातून उभा करायचा होता. तिने आवारात धावताना दिसलेल्या दोन जुळ्या बहिणींना विचारलं, खेळाल का? त्यांनी लॅक्रॉस कधी खेळलेलंच नव्हतं. २००५ मध्ये नॉर्थवेस्टर्न राष्ट्रीय विजेता झाला तेव्हा त्या दोघी संघात होत्या. पुढे २००९ पर्यंत सलग पाच विजेतेपदं. टिमचल यांची दुसरी शिष्या जेन अॅडम्स, टेवाराटनची पहिली मानकरी. २०१२ मध्ये गुरू आणि या दोघी शिष्या एकाच वेळी हॉलमध्ये गेल्या.

याच मेरीलँड संघाला टिमचल यांच्या सोबतीने शिकवायला गॅरी गेट असायचा, हे अनेकांना माहीत नसतं. गॅरी आणि पॉल हे ब्रिटिश कोलंबियातले जुळे भाऊ. सिराक्युसकडून खेळताना १९८८ मध्ये गॅरीने गोलाच्या मागून उडी घेऊन वरून चेंडू आत टाकला होता. असं करता येतं हेच आधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नॅशनल लॅक्रॉस लीगच्या हॉलच्या पहिल्या यादीत दोघे भाऊ आहेत.

दिलेला सन्मान परत घेतल्याचं उदाहरण आहे?

संघाच्या विजेतेपदाचं आहे. सिराक्युसने १९९० चं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, पण आज अधिकृत नोंदीत ते नाही. कोच रॉय सिमन्स ज्युनियर यांच्या पत्नीने पॉल गेटच्या गाडीच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. महाविद्यालयीन खेळाडूला असा लाभ देणं नियमात बसत नव्हतं. चौकशीअंती विजेतेपद रद्द झालं. माणसांची हॉलमधली नावं मात्र जागेवर आहेत. आज महाविद्यालयीन खेळाडू जाहिरातींतून उघडपणे पैसे कमावतात, तेव्हा त्या सहीची शिक्षा जरा जास्तच झाली असं वाटतं.

ज्यांचा हा खेळ, त्या आदिवासींना मान मिळाला का?

उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी, आणि बराचसा भांडून.

१८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने आदिवासी खेळाडूंना विजेतेपदाच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. कारण दिलं की ते पैसे घेऊन खेळतात, म्हणून हौशी नाहीत. प्रवासखर्चाला दुसरा मार्ग नसल्याने ते पैसे घेत, ही गोष्ट संघटनेला माहीत होती. ज्यांनी खेळ शिकवला त्यांनाच नियम दाखवून बाजूला सारलं.

१९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसचे तीनच संघ होते आणि मोहॉक संघाला कांस्यपदक मिळालं. त्या खेळाडूंची नावं नोंदीत अशी आहेत: ब्लॅक हॉक, अल्माइटी व्हॉइस, फ्लॅट आयर्न, रेन इन फेस, स्नेक ईटर, मॅन अफ्रेड सोप. शेवटच्या नावाचा अर्थ ‘साबणाला भिणारा माणूस’. ही खरी नावं असतील यावर विश्वास बसत नाही. तमाशबिनांना हसवायला चिकटवल्यासारखी ती वाटतात. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या या माणसांची खरी ओळख पदकतालिकेत नाहीच. आता यांना कुठल्या हॉलमध्ये घ्यायचं आणि कोणत्या नावाने?

व्यक्तींना पुढे मान मिळत गेला. ओंटारिओतल्या सिक्स नेशन्स वस्तीचे रॉस पावलेस १९६९ मध्ये कॅनडाच्या हॉलमध्ये गेले, त्यांचा मुलगा गेलॉर्ड १९९० मध्ये. ‘लोन रेंजर’ मालिकेतला टोंटो ज्यांनी केला ते जे सिल्व्हरहील्स मुळात याच वस्तीतले हॅरी स्मिथ, १९३० च्या दशकातले नावाजलेले बॉक्स खेळाडू. हॉलिवूडने त्यांना आयुष्यभर साहेबाचा सोबती बनवून ठेवलं. लॅक्रॉसच्या हॉलमध्ये ते १९९७ मध्ये, मृत्यूनंतर १७ वर्षांनी गेले. हॉलमधल्या नोंदीतही ‘टोंटो’ त्यांना सुटला नाही.

पण एकेकट्या माणसाला हार घालणं सोपं असतं. राष्ट्र म्हणून मान देताना हात आखडतो. ओरेन लायन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८३ मध्ये इरोक्वॉय नॅशनल्स हा संघ उभा केला. आता त्याचं नाव होदिनोशोनी नॅशनल्स. आंतरराष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेने त्यांना सदस्य म्हणून मान्यता दिली आणि १९९० च्या जागतिक स्पर्धेत ते स्वतःच्या झेंड्याखाली खेळले. २०१० मध्ये स्पर्धा इंग्लंडमध्ये मँचेस्टरला होती. खेळाडूंकडे होदिनोशोनी पासपोर्ट होते, ब्रिटनने ते मानले नाहीत. अमेरिकेचा पासपोर्ट काढून जाणं सहज शक्य होतं. त्यांनी स्पर्धा सोडली, पासपोर्ट नाही.

२०२२ च्या वर्ल्ड गेम्स या ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेतून त्यांना आधी वगळलं होतं. कारण, त्यांची ऑलिंपिक समिती नाही. गदारोळ झाला, निर्णय बदलला, पण जागा भरलेल्या होत्या. तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडली आणि ती होदिनोशोनींना मिळाली. माझ्या मते लॅक्रॉसच्या इतिहासात कुणी कुणाला दिलेला हा सगळ्यात मोठा मान आहे. त्याला मूर्ती नाही, सोहळा नाही.

मग २०२८ मध्ये ते खेळणार?

नियम आड येतो. ऑलिंपिकमध्ये संघ पाठवते राष्ट्रीय ऑलिंपिक समिती, आणि होदिनोशोनींची अशी मान्यताप्राप्त समिती नाही. मुंबईच्या ठरावानंतर दोनच महिन्यांत, डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी त्यांना खेळू द्यावं असं जाहीरपणे म्हटलं. आंतरराष्ट्रीय समितीचं म्हणणं असं की खेळाडूंनी हवं तर अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळावं. २०१० मध्ये पासपोर्टसाठी स्पर्धा सोडणाऱ्यांना हे सांगणं म्हणजे प्रश्न कळलाच नाही असं आहे.

हॉल ऑफ फेममध्ये कुणी मराठी नाव?

भारतात हा खेळ अजून अगदी नवखा आहे, त्यामुळे इथून तिथवर जाण्याचा प्रश्न सध्या नाही. मेरीलँड, न्यू जर्सी, ओंटारिओ अशा भागांतली मराठी मुलं शाळेत काठी हातात घेतात, तिथून पुढे काय होतं ते बघायचं.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलीच्या कोचचं नाव सन्मानासाठी सुचवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

राष्ट्रीय हॉलपासून तर मुळीच नको. तुमच्या भागातल्या शाखेचा हॉल आहे का ते आधी पाहा, कॅनडात असाल तर प्रांताचा. शाळेचे आणि क्लबचे स्वतःचे सन्मानही असतात, ते लवकर मिळतात आणि पुढच्या अर्जात उपयोगी पडतात.

अर्जात विशेषणं कमी आणि कागद जास्त असू द्या: कोणत्या वर्षी कोणता संघ, हंगामाचे निकाल, स्थानिक वृत्तपत्रातली कात्रणं, किती मुली पुढे कॉलेजात खेळल्या. कोचने नवीन शाळेत खेळ सुरू केला असेल, किंवा गरीब घरातल्या मुलींसाठी काठ्या आणि संरक्षक गॉगल गोळा केले असतील, तर ते ठळकपणे लिहा. अशा कामासाठी ‘योगदान’ हा विभाग जास्त योग्य ठरतो, प्रशिक्षकाचा नव्हे. तुमच्या पत्रापेक्षा दहा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली खेळलेल्यांची दोन-तीन पत्रं मिळाली तर त्यांचं वजन जास्त पडेल, कारण तुमची मुलगी सध्या त्या संघात आहे, त्यांचं तसं काही नसतं. पहिल्या वर्षी नाव लागलं नाही तर तोच अर्ज नवीन माहिती घालून पुढच्या वर्षी पाठवा.